पहिल्या जाळ्याचा वाटा

माझ्या आत्याचं बोट कापावं लागलं, २००६च्या श्रावणात. अन्याय तिच्यावर झाला आणि तो आमच्या घराने केला.

शहापूर तालुक्यात, शेणवे गावाजवळ आमचं शेततळं. शेजारच्या पोल्ट्रीत कोंबड्यांच्या अँटिबायोटिकची पूड उरली की वडील ती आणायचे आणि कोंड्यात कालवून चिलापी माशांना घालायचे. मासे आजारी असोत-नसोत. "टॉनिक हाय ते," म्हणायचे. आसपासचे सगळे तळेवाले हेच करत.

गटारीला जाळं टाकलं की पहिला वाटा बहिणीचा, ही आमची रीत. मासे मुरबाडला आत्याकडे गेले. साफ करताना चिलापीचा काटा तिच्या बोटात घुसला. हात कोपरापर्यंत सुजला. तिथल्या डॉक्टरांची इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, सूज उतरेना. कल्याणच्या दवाखान्यात पू तपासला तेव्हा कळलं, नेहमीच्या औषधांनी हे जंतू मरतच नाहीत. हात वाचवायला बोट काढलं.

तळ्यात औषध टाकता का, असं कल्याणच्या डॉक्टरांनी विचारलं. वडिलांनी मान खाली घालून पुडीचं सांगितलं. जंतू तळ्यातूनच आले असं छातीठोक सांगता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. पण सारखा औषधाचा मारा झाला की त्यातून तगणारे असेच निगरगट्ट होतात. मासा नीट शिजवला की मरतात, पण कच्चा मासा कोणीतरी हातात धरतंच.

मग आत्याची सासू गावाहून दवाखान्यात आली आणि कशाने झालं विचारू लागली. आत्या म्हणाली, "कुंपणाचा काटा लागला."

सासू बाहेर गेल्यावर ती वडिलांकडे वळली. "दादा, तोंड नको पाडू रे. नऊ बोटांनी पण राखी बांधता येते. फक्त आता मासे वयनीला साफ करायला सांग, मला नको."

वडील हसले नाहीत. मी कंपन्यांच्या सांडपाण्याविरुद्ध पत्रकं वाटत हिंडणारा. मलाही तिच्याकडे बघवेना. जिला आम्ही जायबंदी केलं, तीच आमची अब्रू झाकत होती.

वडिलांनी पूड बंद केली. का, ते मात्र गावात कोणाला सांगितलं नाही. लाज वाटली. आम्ही घरचेही गप्प बसलो आणि बाकीच्या तळ्यांत पूड पडतच राहिली.

तुमचं तळं असेल तर धडधाकट माशांना औषध घालणं आज थांबवा. आणि गुपचूप थांबवू नका. शेजारच्या तळ्यावर जा, का थांबवलं ते तोंडाने सांगा.