आल्या वाटेनं उत्तर

रोह्याजवळच्या वरसे गावची नमिता मोकल. आज रोहा-पेण पट्ट्यात कुणाचं नेटवर्क अडलं की हिला फोन जातो. पण त्याआधी नऊ वर्षं ती एका केमिकल कंपनीच्या गेटवर वही सांभाळायची. कोण बाहेर गेलं, कोण आत आलं, सगळं त्या वहीत. शिफ्ट सुटली की क्लासला जाऊन नेटवर्कचं काम शिकली, नोकरी सोडली आणि पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते पेणच्या श्यामला डॉक्टरांची रक्त तपासायची लॅब.

आता त्या लॅबचा कारभार कसा, तर लॅब पेणला रामवाडीत आणि रक्त घ्यायचं केंद्र रोह्यात. तिथे महमूदभाई. रोह्याचा कॉम्प्युटर विचारतो, अमक्याचा रिपोर्ट झाला का? पेणचा उत्तर देतो. मध्ये कुणी डोकावू नये म्हणून व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटच्या आतून काढलेली खासगी वाट. दोन्ही टोकांना फायरवॉल, म्हणजे वॉचमनच म्हणा.

वाटेत नागोठण्याकडे पुराचं पाणी चढलं की केबल जायची नि रिपोर्ट अडकायचे. म्हणून नमितानं दोन्हीकडे दुसरी लाइन घेतली, तिच्यावरून दुसरी वाट काढली. हे काम रविवारी झालं. सोमवारी सकाळीच महमूदभाईंचा फोन.

"एक लाइन होती तवा रिपोर्ट येत होते गो. दोन झाल्या, आता एकपण येत नाय. तिसरी घेऊ नको."

ती रोह्याच्या केंद्रावर पोचली तेव्हा बाकावर अकरा माणसं ताटकळत होती. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. "एक वाजेपर्यंत वाट बघते, नमिता. नाही झालं तर पनवेलच्या जुन्या नेटवर्कवाल्या कंपनीला परत बोलावते."

पहिलंच गिऱ्हाईक असं गेलं तर दुसरं कोण तिला दारात उभं करणार? रोह्यात बातमी चालत नाही, पळते.

तिनं क्लासच्या सुशील सरांना विचारलं. सर म्हणाले, "फायरवॉल बंद कर की. पाच मिनिटांत चालू होईल."

"लोकांच्या दुखण्याचे कागद आहेत त्यात, सर."

"मग बस शोधत."

ती बसली शोधत. मोबाईलच्या नेटवरून पेणच्या राऊटरमध्ये, म्हणजे वाट ठरवणाऱ्या पेटीत, शिरली. रोह्याचा प्रश्न पेणला पोचत होता. पेण उत्तर देत होतं. उत्तर निघत होतं, रोह्यापर्यंत येतही होतं, आणि दारातच गडप होत होतं. वॉचमननं टाकून दिलेल्या पॅकेटांचा, म्हणजे माहितीच्या तुकड्यांचा, आकडा भराभर वाढत होता, तोही फक्त नव्या लाइनीवर. प्रश्न मात्र जात होता जुनीवरून.

तिला माधवराव आठवले, कंपनीचे मॅनेजर. एकदा पुढच्या गेटनं बाहेर पडले आणि मागच्या टँकर गेटनं आत यायला निघाले. नवा वॉचमन सोडेना.

"साहेब, तुमची बाहेर गेल्याची नोंद माझ्याकडे नाय."

"अरे, मी मॅनेजर आहे."

"असाल. माझ्या गेटनं गेला नाय."

नमिता पुढच्या गेटची वही घेऊन येईस्तोवर साहेब अर्धा तास उन्हात उभे. गेटवाले आठवडाभर हसत होते, पण वॉचमनचं चुकलं असं कुणी म्हटलं नाही.

इथंही वॉचमनचं चुकलं नव्हतं. रविवारी पेणला नवी लाइन आधी, जुनी नंतर असं तिनंच लावलं होतं आणि रोह्याला ते करायचं राहिलं होतं. रोह्यालाही क्रम बदलून आज भागलं असतं. पण एका टोकाची लाइन गेली की पुन्हा तोच घोळ. म्हणून तिनं पेणच्या राऊटरला शिकवलं, की प्रश्न ज्या वाटेनं आला त्याची खूण ठेव आणि उत्तर त्याच वाटेनं धाड. तसंच रोह्यालाही.

बारा वाजून वीस मिनिटांनी महमूदभाईंचा प्रिंटर घरघरला. "आला. दुसरा पण आला. थांब, कागद संपला."

कागद भरून होतो तोच तिनं जुन्या लाइनीची वायर काढली.

"चालू झालेलं कशाला उपटतेस गो?"

"पाणी चढल्यावर उपटणारच आहे, भाई. आधीच बघून घेते."

मिनिटभर प्रिंटर गप्प राहिला, मग नव्या वाटेनं रिपोर्ट येऊ लागले.

तिनं डॉक्टरांना फोन लावला. केबलवाल्यावर ढकलायला जागा होती. ती म्हणाली, "माझं चुकलं, मॅडम. पेणला बदललं, रोह्याला विसरले."

डॉक्टर म्हणाल्या, "पनवेलवाल्यांच्या तोंडून हे चार वर्षांत ऐकलं नाही. आता त्यांना बोलावत नाही. पण यापुढे रविवारचं काम रविवारीच एक रिपोर्ट मागवून तपासायचं."

तेव्हापासून रविवारी काम असलं की नमिता महमूदभाईंना केंद्र उघडून एक रिपोर्ट मागवायला लावते. ते कुरकुरतात, पण येतात.