मंडळातली बंडू

कॉलेजातल्या भावी शिक्षक मंडळात तिला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. ती बंडू. मंडळाची रीत अशी, की दर शनिवारी एकाने फळ्यापाशी उभं राहून धडा घ्यायचा आणि बाकीच्यांनी बाकांवर बसून मुलं व्हायचं. कुणी खोडकर, कुणी रडकं, कुणी ढ. पहिल्याच वर्षी ढ मुलाची चिठ्ठी हिला आली आणि हिने ते सोंग इतकं बेमालूम वठवलं, की पुढे चिठ्ठ्या टाकायचं कारणच उरलं नाही.

"बाई, दोनापेक्षा चार मोठे ना? मग एक छेद चार लहान कसा?" असं ती डोकं खाजवत विचारायची आणि वर्ग हसून लोळायचा. धाकट्या भावाला शिकवताना ऐकलेले प्रश्न होते ते. तो हेच विचारताना रडायचा.

शेवटच्या वर्षी एका शाळेच्या मोठ्या बाई मंडळातून एक शिक्षिका निवडायला येणार असं ठरलं. वडिलांनी आधीच बजावून ठेवलं होतं, "नोकरी लागली तर ठीक. नाहीतर काकाच्या दुकानात कापड मोजायला उभी राहा."

"या वेळी मी धडा घेणार," ती मंडळाच्या अध्यक्षीणबाईला म्हणाली. अध्यक्षीणबाई म्हणजे तिच्याच वर्गातली मुलगी.

"घे की! माझ्यानंतर लगेच तूच. फक्त माझ्या धड्याला बस गं बंडू. तू नसलीस तर मी समजावू कुणाला?"

ती बसली. जीव ओतून ढ झाली. अध्यक्षीणबाईने न चिडता पुन्हा पुन्हा समजावलं. मोठ्या बाई खूश होऊन मान डोलवत राहिल्या.

मग हिची पाळी. कडक इस्त्रीची साडी, हातात खडू. "मुलांनो, आज आपण अपूर्णांक..." एवढंच म्हणाली आणि मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग अख्खा वर्ग. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, सवयच तशी लागली होती. मोठ्या बाईंनाही वाटलं, मघाचंच सोंग पुढे चाललंय.

"पुरे गं, पोट दुखलं!" त्या डोळे पुसत म्हणाल्या आणि पर्स उचलून उठल्या.

"बाई, हा माझा खरा धडा आहे."

त्यावर तर टाळ्याच पडल्या.

परवा अध्यक्षीणबाई काकाच्या दुकानात आली. "अय्या, बंडू! अगं, तुझ्यासारखं पोर मला शाळेत एकही मिळालं नाही बघ. खरी ढ मुलं नुसती गप्प बसतात."

"काहीच विचारत नाहीत?"

"छे! मग मीही पुढचं गणित घेते." तिने पडद्याचं कापड पुढे ओढलं. "हे पाऊण मीटर दे. पाऊण म्हणजे किती, माहीत आहे ना?"

गल्ल्यावरून काका खो खो हसला. हिने पट्टी लावली, पाऊण मीटर मोजलं आणि कात्री सरळ चालवली.