फादरांच्या पुस्तकात माझी भर

माझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्याचा त्रास एका कॅथलिक फादरांना झाला.

फादरांचं नाव सांगत नाही. माझ्यामुळं त्यांची आधीच पुरेशी बदनामी झालीय.

सासूबाई म्हणजे निवृत्त मेट्रन. चौतीस वर्षं दवाखान्यात काढलेली बाई. अजूनही त्या खोलीत आल्या की आपला हात आपोआप चादरीच्या सुरकुत्या सारख्या करायला जातो. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की नवा नंबर मिळेपर्यंत वाचायचं नाही. औरंगपुऱ्यातून आणलेला काळा चष्मा लावून त्या मुकुंदवाडीच्या आमच्या गॅलरीत बसल्या आणि म्हणाल्या, "आता तू वाचून दाखव."

"काय वाचू?"

त्यांनी मांडीवरच्या शालीखालून एक पुस्तक काढलं. प्रार्थनेवरचं. लिहिणारे वर सांगितलेले फादर.

आता, आम्ही प्रॉटेस्टंट. त्यातून चर्चमधलं पुस्तकांचं कपाट माझ्या ताब्यात. ज्यांची शिकवण आपल्याशी जुळत नाही अशा लेखकांना मी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवते. (उंच माणसांचा विश्वास मुळातच पक्का असतो, असा माझा अंदाज.)

"आई, हे कॅथलिक आहेत."

"मग? फिलोमिनानं दिलंय. वीस वर्षं एका वॉर्डात होतो आम्ही. ती काय वाईट देईल व्हय?"

"पण ह्यांची शिकवण चुकीची आहे!"

"तू वाचलंस?"

"वाचायची काय गरज? मागचं कव्हर वाचलं की!"

"हे बघ," सासूबाई म्हणाल्या, "मी चौतीस वर्षं डॉक्टरांचं ऐकलं. सगळं कुठं पटत होतं? पटलं ते घेतलं, नाय ते सोडलं. पेशंट बरे होऊन घरी गेले. वाच."

मेट्रननं 'वाच' म्हटल्यावर पुढं काही बोलायचं नसतं. मी वाचायला लागले.

पहिले दोन दिवस प्रामाणिकपणे वाचलं. तिसऱ्या दिवशी फादरांनी लिहिलं होतं की कधीकधी देवापुढं काही न मागता नुसतं गप्प बसावं. मी थबकले. नुसतं गप्प? आमच्या प्रार्थनासभेत शेजारची गल्ली जागी झाली नाही तर प्रार्थना झाली असं कुणी मानत नाही! मी ते वाक्य गाळलं. आणि गाळल्यावर जी जागा रिकामी राहिली तिथं, फादरांच्या वतीनं, दोन बरी वाक्यं घातली.

एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. मग मला त्याची चटकच लागली. जिथं फादर चुकतील तिथं मी त्यांना सुधारायची. कुठं एक ओळ, कुठं अख्खा परिच्छेद. एकदा तर फक्त विश्वासानंच तारण होतं या आमच्या शिकवणीवर फादरांच्या तोंडून मी असं काही बोलले, की आमच्या चर्चचे पाळकसाहेबही हरखून गेले असते.

"पान लई मोठं दिसतंय गं," सासूबाई म्हणाल्या. "पंधरा मिनिटं झाली, उलटल्याचा आवाज नाय आला."

"पुस्तकच मोठ्या आकाराचं आहे, आई."

(पुस्तक पर्समध्ये मावेल एवढं होतं.)

दुसऱ्या दिवशी मी चार पानं एकदम उलटली.

"संपलं प्रकरण?"

"फादर थोडक्यात लिहितात."

"काल तर थांबायला तयार नव्हते!"

दहा-बारा दिवसांनी पुढचं प्रकरण आलं, गेलेल्या माणसांच्या आठवणींवरचं. मथळ्याखालीच एक वाक्य दिसलं, की आपल्या गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करावी. झालं! आम्ही हे मानत नाही. मी प्रकरण बाजूला सारलं आणि पूर्ण स्वतःचं सुरू केलं. जोर जरा जास्तच चढला. शेवटी मी ठणकावलं, "गेलेल्या माणसाचं नाव सारखं घेत बसणं हे अविश्वासाचं लक्षण आहे."

सासूबाईंनी मांडीवरची शाल सारखी केली.

"फादर असं म्हणतात?"

"व्हय, आई. असंच छापलंय."

सासरे जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. रोज संध्याकाळी चहाचा कप हातात घेतला की सासूबाई त्यांच्याबद्दल काहीतरी बोलायच्याच. "ह्यांना आलं जास्त लागायचं." "ह्यांनी बशीतनंच प्यायचं सोडलं नाय." मी कामाच्या नादात हूं हूं करायची. त्या दिवसापासून त्यांनी चहा गुपचूप प्यायला सुरुवात केली. दर शनिवारसारखं दफनभूमीत ने म्हणूनही म्हणाल्या नाहीत.

"डोळा दुखतोय का, आई?"

"नाय. डोळा चांगलाय."

मला कळत होतं. मी काय केलंय हे मला अगदी स्वच्छ कळत होतं. पण आता सांगायचं कसं? 'आई, ते अविश्वासाचं फादरांचं नव्हतं, तुमच्या सुनेचं होतं'? मी आपली चहात आलं जास्त टाकत राहिले.

असे पंधरा दिवस गेले आणि फिलोमिनामावशी भेटायला आल्या. बसल्या बसल्या सासूबाईंनी तोंड उघडलं.

"फिलोमिना, तुमचे फादर लई कडक निघाले गं."

"कडक? ते?" मावशींच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. "अगं, कन्फेशनला त्यांच्याच रांगेत सगळ्यांत जास्त गर्दी असते! माणूस काहीही सांगो, ते म्हणतात, असू दे बाळ."

"पुस्तकात नाय तसं. ह्यांचं नाव घेणं म्हणे अविश्वास! मला काय ते पटलं नाय. पण एवढा शिकलेला माणूस सांगतो म्हणून मी गप्प बसले."

मावशींचा चेहरा लाल झाला. "थांब, विचारतेच. इथंच तर राहतात, छावणीत!" आणि मी 'मावशी, अजून एक बिस्कीट' म्हणेपर्यंत त्यांनी फोन लावलासुद्धा. "फादर, आमच्या मेट्रन तुमच्यावर नाराज आहेत!... हो, पुस्तकावरून... उद्या? चार वाजता? या की!"

त्या संध्याकाळी मी पुस्तक पिठाच्या डब्यात लपवलं. पुस्तकच नाही तर वाद कसला?

दुसऱ्या दिवशी चार वाजता फादर आले. सत्तरीचे, बारीक, हसरे. आणि खांद्याला अडकवलेल्या पिशवीत स्वतःची प्रत घेऊन! (लेखक लोकांचं हे असंच असतं.)

"बाई," ते अदबीनं म्हणाले, "माझं काय चुकलं तेवढं दाखवा. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो."

"ते गेलेल्यांचं प्रकरण," सासूबाई म्हणाल्या. "मला दिसत नाय अजून. सूनबाई, वाच. त्यांना ऐकू दे त्यांनी काय लिहिलंय ते."

मी उभी राहिले. शाळेत पाढे येत नसताना उभी राहायची तशी. समोर लेखक, बाजूला मेट्रन, दाराशी कमरेवर हात ठेवून फिलोमिनामावशी. पळायला जागा नव्हती. मी वाचलं. जे छापलं होतं ते, शब्द न शब्द.

फादरांनी लिहिलं होतं की जेवायला बसताना गेलेल्या माणसाची आठवण झाली तर ती ढकलून देऊ नये. त्याचं नाव घ्यावं, त्याच्या सवयी सांगाव्यात, हसू आलं तर हसावं. देवाला त्याचा राग येत नाही. तीन पानं होती, आणि मला खटकणारं वाक्य त्यात ते एकच होतं. बाकीचं सगळं, त्या एका वाक्यापायी, मीही पहिल्यांदाच वाचत होते.

माझा आवाज बारीक होत होत शेवटी ऐकूच येईना.

सासूबाईंनी काळा चष्मा काढला. "मग त्या दिवशीचं कुणाचं होतं?"

"माझं, आई."

"आणि ती मोठी पानं?"

"तीही माझीच."

"मी पंधरा दिवस ह्यांचं नाव नाय घेतलं," त्या म्हणाल्या. रागानं नाही, नुसतंच म्हणाल्या. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्यांच्या पायाशी बसले आणि माफी मागितली. मग वळून फादरांची मागितली.

फादर जोरात हसले. "असू दे बाळ! वाक्यं मात्र ठसठशीत आहेत तुमची. लिहीत चला. फक्त आपल्या नावानं."

मी म्हटलं, "फादर, पण खरं सांगा, ज्यांचं पटत नाही त्यांचं वाचावं का आपण?"

फादर उत्तर द्यायच्या आत सासूबाई कडाडल्या. "वाचावं की! मी इतके दिवस हिचं ऐकून घेतलं. काय झालं मला?"

त्या शनिवारी आम्ही दफनभूमीत गेलो. सासूबाई सासऱ्यांशी तासभर बोलल्या. बहुतेक सगळं माझ्याबद्दलच होतं. आणि मग पुस्तक आम्ही पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केलं, गाळ नाही, भर नाही. गेलेल्यांसाठी प्रार्थना करावी हे वाक्य मला आजही पटत नाही. सासूबाईंनाही नाही. त्या ठिकाणी आम्ही दोघी थांबून फादरांशी पाच मिनिटं भांडतो आणि पुढं जातो.

परवा एका परिच्छेदापाशी मात्र भांडायला काही नव्हतं. मी थांबले.

"का गं थांबलीस?"

"काही नाही, आई. फार सुंदर लिहिलंय."

"हे फादरांचंच ना? नक्की?"

"त्यांचंच, आई. शप्पथ!"

"शपथ कशाला घेतेस," सासूबाई म्हणाल्या. "मला कळलंच. तुला कुठं एवढं चांगलं जमतंय!"