गयाक्काचं सरण मी अडवलं

"पुसून घे ते. तुमचं कामच आहे ना."

साहेब असं म्हणला. क्रांती चौकाजवळच्या हापिसात, सगळ्यांदेखत.

जिना चढून मला दम लागलता. काय होतंय, असं साहेबानं विचारलं. सांगाया तोंड उघडलं अन् ढास लागली. थांबंचना. फरशीवर बेडका पडला. पिवळा, मधी रगताची रेघ. साहेबानं बूट मागं घेतले, नाकाला रुमाल लावला. फडकं कुठं दिसंना. मी खाली बसले अन् पदरानं फरशी पुसली. साहेबाच्या बुटापासून वीतभर अंतरावर माझं डोस्कं होतं.

चितेगावच्या केमिकल कंपनीत आग लागलती. तिच्यापायी जे आजारी पडले त्यांना भरपाई मिळायची होती. कोण पात्र, कोण नाय, हे तो साहेब ठरवत होता.

"आगीच्या दिवशी कंपनीच्या आत होतीस का?"

"नाय साहेब. आग विझल्यावर राख काढाया आमाला नेलं."

"मग तू बाधित नाहीस. नियम आगीच्या दिवसाचा आहे. पुढचं कोण?"

बाजूच्या खुर्चीवर ठेकेदार अण्णा बसलता. बशीत ओतून च्या पीत होता. आग लागली तवा हा माणूस पैठणला लग्नाच्या पंगतीत होता, हे गावातलं शेंबडं पोरबी सांगंल. पण तो पात्र. कंपनीच्या आत होता म्हणं, धूर गेला म्हणं नाकातोंडात. तो बशी खाली ठेवत म्हणला, "साहेब, ह्या बायांचं काय घेऊन बसलात. तंबाखूनं छाती गेलेली असती यांची."

मी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाय. वला पदर मुठीत धरून मी जिना उतरले. आजबी ते आठवलं की अंगाची लाही होती.

आता राखेचं सांगते. आग विझली तवा आतली पिंपं फुटलेली. सगळीकडं पिवळा भुगा अन् काळा चिखल. कंपनीच्या कामगारांनी आत जायाला साफ नकार दिला. मंग अण्णाची जीप आमच्या बौद्धवाड्यात आली. गावात एवढी घरं, पण जीप थांबली ती आमच्याच दारात. "हे काम तुमच्याच बाया करत्याल," अण्णा हासत म्हणला. घरात मजुरीची नड होती. आमी गेलो.

नाकाला नुसता स्कार्फ. भुगा घमेल्यात भरायचा, डोक्यावरून ट्रॅक्टरपर्यंत न्यायचा. वाऱ्यानं तो डोळ्यात जायचा, भाकरीवर बसायचा. संध्याकाळी थुंकलं तर थुंकीबी पिवळी. अण्णा गेटच्या बाहेर जीपमधी, काचा वर करून. आत एकदाबी आला नाय.

माझ्या म्होरं गयाक्का असायची. माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन आले तवा माझ्या वाट्याचा सासूच्या हातचा मार हिनं अंगावर झेललेला. लई मोठ्यांदी हासायची. वाड्याच्या ह्या टोकाला हासली की त्या टोकाला कळायचं, गयाबाई आली. त्या कामानंतर तिचं हासणं गेलं. हासाया लागली की खोकला यायचा. मंग हासायचंच सोडलं तिनं. पुढं पुढं तर भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची, आडवं झालं की जीव गुदमरायचा. तिलाबी त्याच साहेबानं अपात्र केलं. कागद तिला वाचून दाखवला तर म्हणली, "म्हंजे मी आजारीच नाय म्हण की." अन् हासाया गेली.

गयाक्का एका सकाळी गेली. चूल पेटायच्या आधी.

अजून पाव्हण्यांना फोन चालले होते, तेवढ्यात अण्णाची जीप दारात. मागं ट्रॉलीभर लाकडं. न्यायला गाडी. हार, चादर, सगळं आणलेलं. जिती असताना तिला बघाया एकदाबी न आलेला माणूस मेल्यावर एवढ्या तातडीनं आला. माझ्या भायांच्या, म्हंजे गयाक्काच्या नवऱ्याच्या, खांद्यावर हात ठेवून म्हणला, "दुपारच्या आत उरकून टाका. खर्चाचं मी बघतो. बाईला त्रास नको आता."

भायांनी हात जोडले. मला ते जोडलेले हात दिसले अन् डोस्क्यात लख्ख उजेड पडला. ह्याला हिची छाती जाळायची हाये. तिच्यात काय भरलंय ते ह्याला पक्कं ठावं हाये.

बाया तिला उचलाया वाकल्या. मी गाडीच्या म्होरं जाऊन बसले.

"हात लावू नका. पोस्टमार्टम झाल्याबिगर सरण नाय."

भाया कळवळले. "अगं, मेलेल्या बाईची चिरफाड करती व्हय? जाऊ दे तिला सुखानं."

"सुखानं मेली का ती, भाऊजी?"

अण्णा म्होरं आला. आवाज बदलला. "ए, उठ. नाटकं बंद कर. कुणाच्या जिवावर उड्या मारती?"

ढास येत होती. मी येऊ दिली. खोकले, अन् ह्या वेळी थुंकले ते त्याच्या जीपच्या टायरवर. पदर लावला नाय.

"माझ्या जावंच्या जिवावर," मी म्हणलं. अन् पोलिसांना फोन लावला.

पयल्यांदा वाड्यातल्या दोन म्हाताऱ्या माझ्या बाजूला येऊन बसल्या. मंग माझा नवरा आला. शेवटाला भाया आले. मातीत फतकल मारून बसले अन् लहान पोरावानी रडले. अण्णाची लाकडं अण्णालाच परत न्यावी लागली.

पोस्टमार्टम झालं अन् डॉक्टरनं लिहून दिलं. फुप्फुसं दगडावानी झालेली, आत त्याच भुग्याचे कण. मंग आमी गयाक्काला अग्नी दिला. आमच्या लाकडांनी.

त्यानंतर उस्मानपुऱ्यातल्या एका वकील बाईनं आमची केस घेतली. लगेच साहेबाचा फोन. आता मला 'ताई' म्हणत होता. "ताई, सहानुभूती म्हणून तुमच्या घराचा खास विचार करता येईल. फक्त आमच्या नावाची तक्रार तेवढी मागं घ्या."

"मला ताई म्हणायला एक बाई मरावी लागली का साहेब?" मी म्हणलं, अन् फोन ठिवला.

मागच्या आठवड्यात अण्णाची बायको आली. ह्या दाराची पायरी कधी चढली नव्हती. कोर्टानं अण्णाला अन् साहेबाला हजर व्हाया सांगितलंय, तवापासून अण्णा जेवत नाय म्हणं. पाण्याचा तांब्या म्होरं ठिवला, त्याला ती शिवली नाय.

"माझ्या लेकरांकडं बघून सोडा त्यांना," म्हणली.

तिच्या डोळ्यात पाणी होतं. खरं होतं ते, मला दिसलं. तरी आत काय हाललं नाय माझ्या.

"नाय सोडणार," मी म्हणलं.

ती गेली. तिनं हात न लावलेलं पाणी मी घटाघटा पिले.

लोक म्हणत्यात, न्याय माग, सूड नको. मला त्यातला फरक कळत नाय अन् कळून घ्यायचाबी नाय. आग विझल्यावर त्या भुग्यात ज्या ज्या बाया उतरल्या, त्यांना पात्र म्हणून लिहावं लागंल. त्या साहेबालाच लिहावं लागंल. अन् अण्णा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहील. मी समोर बसंन. त्याच्या तोंडचं पाणी पळताना मला डोळ्यांनी बघायचंय. डॉक्टर म्हणतो माझीबी छाती तशीच हाये, लई दिवस नाय. ते डॉक्टरनं बघावं. मी तारखेला जाणार.