रिकाम्या यादीचे दोन कंस

गंगापूर रोडवरच्या आमच्या ऑफिसात एक सहकारी सॉफ्टवेअर तपासायचा. जेवायला बसला की घास घेण्याआधी डब्याचे सगळे कप्पे उघडायचा. म्हणायचा, "आत काय आहे ते बघावं लागतं, राव!" एकदा ग्राहकांच्या ऑर्डरींच्या यादीत प्रत्येक ऑर्डरच्या वस्तूंची वेगळी यादी होती. तपासणीसाठी त्याने लिहिलेल्या जावास्क्रिप्टच्या फंक्शनने आतली यादी न उघडता नुसता मजकूर म्हणून दिली आणि रिकाम्या यादीचे '[' आणि ']' हे दोन कंस टेस्टने दोन वस्तू म्हणून मोजले. टेस्ट पास झाली; ग्राहकांना मात्र ऑर्डरी रिकाम्या दिसल्या.

साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "आत बघितलं नव्हतंस?"

"नाही, सर."

त्या दुपारी त्याने डबा उघडलाच नाही. मी माझी भाजी पुढे सरकवली. कानापर्यंत लाल होत तो म्हणाला, "नको. आज बघू नका रे माझ्याकडे."