तळघरातलं चालू मशीन

तू करतेस तरी काय, असं कुणी विचारलं की रादाना म्हणायची, "कॉम्प्युटरच्या पोटात जागा लावते." चेक देशातल्या ब्र्नो शहराच्या ट्राममध्ये शेजारी बसलेल्याला तेवढं पुरायचं. तिच्या आईला, क्वेताबाईंना, मात्र कशानंच पुरायचं नाही. मुलीनं चाळिशी ओलांडली, तरी बोस्कोवित्से गावातल्या घरात पाऊल टाकून तिनं बूट काढायच्या आत त्यांचं सुरू व्हायचं. जेवलीस का, डोळे असे का दिसतात, नोकरी शाबूत आहे ना?

नोकरी शाबूत होती. धोक्यात होतं ते दोन हिवाळे खपून केलेलं काम.

कर्नेल म्हणजे मशीनचा कारभारी. तो मेमरी लहान लहान पानांनी वाटतो. एखाद्या अवजड कामाला मोठं पान मिळालं, तर शोधाशोध वाचते आणि काम झपाट्यानं उरकतं. पण एका मोठ्या पानाला शेकडो लहान पानांइतकी सलग जागा लागते. मशीन महिनोन्‌महिने चालत राहिलं की लहान पानं मिळेल तिथं पसरून बसतात. मोकळी जागा भरपूर असते, पण इथं चिमूटभर आणि तिथं चिमूटभर. रादानानं कर्नेलला एक शिस्त लावली होती: कुणी मागायच्या आधीच, सवड मिळेल तेव्हा लहान पानं एका कडेला सरकवायची आणि सलग जागा तयार ठेवायची.

ती शिस्त कर्नेलमध्ये घ्यायची की नाही, हे एरिकच्या हातात होतं. त्या भागाची राखण करणारा हा फिनलंडचा माणूस रादानाला कधी भेटलेला नव्हता. या लोकांचं सगळं मेलवर चालतं, तेही जगाला दिसेल असं चव्हाट्यावर. एरिकनं तिचं काम दोनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा त्यानं लिहिलं, की प्रत्येक नवी ओळ आम्हाला जन्मभर सांभाळावी लागते, तेव्हा या आठवड्यात फायदा दाखव, नाहीतर हा विषय मी कायमचा मिटवतो.

फायदा मोजायचं काम ऑफिसातल्या बोर्झेककडे होतं. तो कॉफीचा मग घेऊन तिच्या टेबलाशी आला तेव्हा त्याचं तोंड पाहूनच तिला कळलं.

"काहीच फरक नाही गं. तुझी शिस्त असली काय नि नसली काय, मोठी पानं तेवढीच मिळतात. दोन हिवाळे स्वेटर विणला असतास तर निदान अंगात तरी घातला असतास."

"प्रत्येक वेळी तेवढीच?"

"अगदी तेवढीच. मी काय आज मोजतोय का? दर मोजणीआधी मशीन बंद करून नव्यानं चालू करतो. उगाच मागचा कचरा नको."

सगळेच असं करत. रादानाही करत आली होती. मोजणी चोख व्हावी म्हणून पाटी कोरी करायची, ही या धंद्यातली चांगली सवय. पण नव्यानं चालू केलेल्या मशीनमध्ये सगळी मेमरी सलगच असते. तिथं मोठ्या पानांचा तुटवडा पडणार कसा, आणि शिस्तीला काम तरी काय उरणार?

"बोर्झेक, अरे, मागचा कचरा साठलेलं मशीन हाच तर माझा रोगी. तू दर वेळी त्याला बरा करून मग औषध देतोयस."

त्यानं कॉफीचा मग खाली ठेवला. तेव्हा दोघांनाही एकच अडचण दिसली. ऑफिसातलं एकूण एक मशीन त्यानं त्याच आठवड्यात बंद करून चालू केलं होतं. शिळं, वापरून वापरून मळलेलं मशीन आणायचं कुठून?

एक होतं. ईस्टरला रादानानं आईच्या तळघरात, काकडीच्या बरण्यांशेजारी, एक जुनं मशीन ठेवलं होतं. क्वेताबाईंच्या गायन मंडळाची रेकॉर्डिंगं दिवसभर त्यावर येत, कापली जात, साठत. त्यात तिचा नवा कर्नेल होता आणि शिस्त बंद-चालू करायची सोयही होती; ती अजून बंदच होती. आता प्लम पिकले होते, म्हणजे मशीनला चार-पाच महिने झाले होते. पण क्वेताबाईंना आगीची धास्ती. घराबाहेर पडताना त्या टोस्टरचीही वायर काढायच्या.

रादानानं फोन लावला. "आई, तळघरातलं मशीन तू कधी बंद केलंस का? खरं सांग."

"वीज कडाडली तेव्हा वायरीला हात घातला होता," क्वेताबाई म्हणाल्या. "पण तू नको म्हणालीस ना, म्हणून नाही काढली. मग खुर्ची टाकून पाऊस थांबेपर्यंत तिथंच बसले. अजूनही रोज खाली जाऊन हात लावून बघते, फार तापलंय का ते. का गं, चुकलं का माझं?"

"नाही आई, काही चुकलं नाही," रादाना म्हणाली.

ऑफिसातूनच, इंटरनेटवरून, त्यांनी त्या मशीनवर मोजायला घेतलं. शिस्त बंद असताना मशीनकडे मोठी पानं मागितली, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मिळाली. रादानानं शिस्त चालू केली, लहान पानं कडेला सरकेपर्यंत वाट पाहिली आणि पुन्हा मागितली. जवळजवळ मागितली तेवढी सगळी मिळाली. बोर्झेकनं पुन्हा पुन्हा मोजलं, आकडा तोच आला, आणि मग त्यानं तिच्यासाठी नवी कॉफी आणली.

आधीची मोजणी का फसली हे तिनं एरिकला सरळ लिहिलं. बोर्झेकनं खाली आपल्या नावानं जोडलं, की कोरं मशीन वापरण्याची चूक माझी. दोन दिवसांनी एरिकचं उत्तर आलं: मीही आजवर कोऱ्या मशीनवरच मोजत आलो. गेल्या हिवाळ्यापासून चालू असलेल्या माझ्या मशीनचाच हा आजार आहे, तो आज ओळखला. तुझं काम घेतलं.

रविवारी बोर्झेकही बोस्कोवित्सेला आला. क्वेताबाईंनी प्लमचे कोलाचे, म्हणजे गोड गोल पाव, भाजले होते. स्लिवोवित्सेचे, म्हणजे प्लमच्या दारूचे, ग्लास भरून तिघांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघत किणकिणवले. आपल्या मुलीचं काम आता जगभरच्या मशीनमध्ये जाणार, हे बोर्झेकनं दोनदा सांगितल्यावर क्वेताबाईंना पटलं.

"म्हणजे आता खालचं बंद केलं तरी चालेल?" त्यांनी विचारलं.

"चालेल की. काढ वायर खुशाल."

क्वेताबाई खाली गेल्या आणि काकडीची बरणी घेऊन वर आल्या.

"चालूच ठेवलंय," त्या म्हणाल्या. "फार काही तापत नाही ते."