अनुभवाचा रकाना

बाळांनो, काल फोनवर तुमच्यातल्या धाकटीने विचारलं, "आजी, बिस्किटांच्या कारखान्याच्या अर्जात अनुभवाच्या रकान्यात काय लिहू? मला तर काहीच नाही." मी उत्तर टाळलं. अर्ज शुक्रवारी जायचा आहे, म्हणून आजच लिहिते.

बी.एस्सी. झाल्यावर मला रोह्याच्या एका पापड-मसाल्याच्या कंपनीत, मालाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत शिरायचं होतं. अर्ज मी सुवाच्य इंग्रजीत भरला. अनुभवापुढे लिहिलं : नाही.

खरं तर दहाव्या वर्षापासून दर उन्हाळ्यात मी पेणला आईबरोबर एका दुकानदारासाठी पोह्याचे पापड लाटत होते. तेलाचा हात लावून पीठ कुटताना कुठे थांबायचं, हे बोटांना ठाऊक होतं. पण पदवीधर मुलीने मजुरीचं काम कागदावर लिहायचं? आईही म्हणाली, "घरातलं साहेबाला कशाला सांगायचं?"

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "तळताना पापड लाल का पडतो?"

"पापडखार जास्त झाला तर."

"कुठे शिकलात?"

"पुस्तकात."

"कोणत्या?"

मी मांडीवरची प्रमाणपत्रं सारखी करत बसले.

आमच्याकडे लाटायला येणारी, पेणजवळच्या गडब गावची एक बाई, सातवी शिकलेली, त्याच दिवशी मुलाखतीला आली होती. तिचा अर्ज मीच भरला होता : पापड, आठ वर्षं. तिला पीठ मळण्याच्या विभागात तिथल्या तिथे घेतलं. मला "कळवू" म्हणाले.

परतीच्या एसटीत मी अर्जातलं "नाही" तिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "माझा अनुभव लिवलास, नि तुझा काय उंदरांनी खाल्ला गो?" मग तीच म्हणाली, "लाज वाटली, व्हय ना?" गडबला ती उतरेपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत राहिले.

कंपनीचं पत्र आलं नाही. त्या साहेबांवर मी कित्येक वर्षं धुसफुसले. पण त्यांनी तर दोनदा विचारलं होतं! पुढे शाळेत विज्ञान शिकवलं, मन लावून शिकवलं. तरी तो दरवाजा मीच माझ्या हाताने लावून घेतला, ही चीड काही जात नाही.

धाकटे, गेल्या सुट्टीत खार जास्त झालेलं पीठ तूच चाखून ओळखलंस. ते लिही. नुसतं "नाही" लिहून पाठवू नकोस.

आईचं लाटणं माझ्याकडे आहे. अजून रोजच्या वापरात आहे.